आधी पाळीच्या तारखा, मग सोनोग्राफी

(स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



या व्याख्यानमालेसाठी मी विषय मागून घेतला तो हनुवटीवरच्या मुरुमांचा. ज्या डॉक्टरबाईंच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांच्या हातगुणाबद्दल या तालुक्यात आजही बोललं जातं. मला त्या आठवतात त्या वेगळ्या कारणाने. समोरची बाई बोलत असताना त्या पेन खाली ठेवायच्या. तिचं बोलणं संपल्याशिवाय कागदाला हात लावायच्या नाहीत. आज मी जे सांगणार आहे, त्याचा या सवयीशी जवळचा संबंध आहे.

मी त्वचेची डॉक्टर. माझ्याकडे सोळा ते तिशीतल्या मुली चेहरा दाखवायला येतात. पूर्वी त्यांचा पहिला प्रश्न असायचा, ‘डाग जातील ना?’ आता खुर्चीत बसता बसता मुलगी विचारते, ‘डॉक्टर, मला पीसीओडी आहे का?’ किंवा आई म्हणते, ‘हिची सोनोग्राफी करून आणलीय, बघा जरा.’ रिपोर्टवर ‘बल्की ओव्हरीज’, म्हणजे मोठे अंडाशय, असं लिहिलेलं असतं आणि त्या दोन शब्दांनी घरातल्या सगळ्यांची झोप उडालेली असते. मुलीचं वय पंधरा. पाळी सुरू होऊन दोन वर्षं झालेली, चाळीसेक दिवसांनी येणारी. तिला आजार आहे असं म्हणायला काहीच आधार नसतो. तरी नातेवाइकांत बातमी पोचलेली असते, तिचा भात बंद झालेला असतो आणि पुढे मूल होईल की नाही याची चिंता दहावीच्या परीक्षेआधीच तिच्या डोक्यात शिरलेली असते.

आणि दुसरी मुलगी येते. चोविसाची, पुण्यात नोकरी करणारी, अंगाने सडपातळ. तीन-चार वर्षं वेगवेगळी मलमं लावून झालेली. मी विचारते, ‘पाळी कधी आली होती?’ ती थोडं थांबून म्हणते, ‘गेल्या दिवाळीत असेल.’ तेव्हा आपण आषाढात असतो. इतक्या वर्षांत तिला हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. एकीला आजार नसताना त्याचं नाव चिकटलं, दुसरीला असून कळला नाही. दोघींच्या बाबतीत चूक एकच झाली: तपासणीचा क्रम उलटा लागला. यंत्र किंवा मलम आधी आलं, विचारपूस मागे राहिली. तो क्रम सुलटा कसा असावा, एवढंच मला आज सांगायचं आहे.

मुरुमापासून सुरुवात करू. चेहऱ्यावरच्या प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी एक तेलग्रंथी असते. चेहरा, छाती, पाठ इथे त्या मोठ्या आणि दाट असतात. वयात येताना अँड्रोजेन गटातली संप्रेरकं वाढतात. त्यांना पुरुषी म्हणायची पद्धत आहे, पण ती बाईच्या अंडाशयात आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतही तयार होतात, आणि बाईच्या शरीराला त्यांची गरज असते. तेलग्रंथी टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर त्याहून जोरकस अशा डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये करते आणि जास्त तेल सोडते. केसाच्या नळीच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसतं, आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जिवाणू वाढतो आणि सूज येते. म्हणजे संप्रेरकांशी संबंध प्रत्येकच मुरुमाचा असतो. पण ‘हॉर्मोनल ॲक्ने’ म्हणताना डॉक्टरांच्या मनात एक विशिष्ट चित्र असतं. मुरुम हनुवटीवर, जबड्याच्या कडेने, मानेच्या वरच्या भागात. खोलवर, दुखणारे, फुटत नाहीत आणि लवकर बसतही नाहीत. पाळीच्या आधीच्या आठवड्यात हमखास वाढतात. शाळेत असताना चेहरा स्वच्छ होता आणि पंचविशीत हे सुरू झालं, असंही पुष्कळदा घडतं. आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेवर मुरुम गेला तरी काळा डाग महिनोन् महिने राहतो, आणि मुलींना मुरुमापेक्षा तो डाग जास्त छळतो.

आता यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. असे मुरुम असलेल्या बहुतेक बायकांच्या रक्तात अँड्रोजेनचं प्रमाण अगदी नॉर्मल असतं. त्यांच्या तेलग्रंथी त्या नॉर्मल प्रमाणालाही जास्त प्रतिसाद देतात, इतकंच. म्हणून नुसत्या मुरुमांवरून पीसीओएस, म्हणजे लोक ज्याला पीसीओडी म्हणतात तो अंडाशयाशी आणि संप्रेरकांशी निगडित विकार, ठरत नाही. चेहऱ्यावरची जाड लव हा त्यापेक्षा कितीतरी भक्कम पुरावा आहे. मुरुमांच्या जोडीला पाळी लांबत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, भांगाजवळचे केस विरळ होत असतील, मानेवर आणि काखेत काळपट मखमली पट्टा दिसत असेल, किंवा नीट उपचार करूनही मुरुम पुन्हा पुन्हा येत असतील, तर मात्र पुढे जायचं. लवेबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मुलगी थ्रेडिंग आणि वॅक्सिंग करून आलेली असते, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही. ‘पार्लरला किती दिवसांनी जावं लागतं? हनुवटीसाठीही जातेस का?’ असं विचारलं की मग कळतं. वरचा ओठ, हनुवटी, छाती, पोट, पाठ, दंड, मांड्या अशा नऊ जागांना शून्य ते चार गुण देऊन लव मोजायची एक रीत आहे, फेरीमन आणि गॉलवे या दोन डॉक्टरांच्या नावाने चालणारी. चार ते सहाच्या पुढे बेरीज गेली की लव जास्त मानतात. या मोजणीला पैसे लागत नाहीत, फक्त बंद दार आणि पाच मिनिटं लागतात.

त्वचेचं आणि या आजाराचं नातं जुनं आहे. पॅरिसच्या आशार आणि तिएर या दोन डॉक्टरांनी १९२१ साली दाढी येणाऱ्या स्त्रियांच्या मधुमेहाचं वर्णन केलं. म्हणजे लव आणि साखर यांचा काही संबंध आहे हे शंभर वर्षांपूर्वीच कुणाच्या तरी नजरेत आलं होतं. नंतर १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल यांनी सात बायकांची हकिगत छापली. त्यांची पाळी बंद होती आणि दोन्ही अंडाशय मोठे होते. त्यांनी पोट उघडून अंडाशयाचा बराच भाग कापून काढला. सातही जणींची पाळी सुरू झाली आणि दोघींना दिवस गेले. यश मोठं होतं, त्यामुळे पुढे कित्येक वर्षं सगळ्यांचं लक्ष अंडाशयावर खिळलं. साखरेचा धागा मागे पडला. १९८० च्या सुमारास या बायकांच्या रक्तात इन्सुलिन वाढलेलं असतं हे दिसलं, तेव्हा कुठे तो पुन्हा हाती आला. त्याच काळात सोनोग्राफी दवाखान्यादवाखान्यांत पोचली आणि अंडाशयाचं चित्र कुणालाही काढता येऊ लागलं.

त्या चित्रात काय दिसतं? अंडाशयाच्या कडेने दोन ते नऊ मिलिमीटरचे बारीक काळे ठिपके, मोत्यांच्या माळेसारखे. लोक त्यांना गाठी म्हणतात आणि गाठ म्हटलं की आपल्याकडे पुढचा विचार कॅन्सरचा असतो. त्या गाठी नसतात. ते अर्धवट वाढून थांबलेले बीजकोश असतात. दर महिन्याला त्यांतला एक पुरता वाढून फुटायला हवा. तसं झालं नाही की ते तिथेच साठतात. तरुण मुलीच्या अंडाशयात असे कोश मुळातच भरपूर असतात. निरोगी मुलीच्याही! म्हणूनच पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षं पूर्ण होईपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकाराने जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून त्या केल्या, २०१८ मध्ये, आणि २०२३ मध्ये सुधारल्या. आपल्याकडच्या मुलीला बाराव्या वर्षी पाळी आली असं धरा. म्हणजे ती विशीची होईपर्यंत ‘बल्की ओव्हरीज’ या शब्दांना निदान म्हणून किंमत नाही. शिवाय लग्न न झालेल्या मुलीची सोनोग्राफी पोटावरून करतात, पाणी पिऊन, लघवी दाबून. त्या पद्धतीत कोश नीट मोजताच येत नाहीत; फार तर अंडाशयाचा आकार सांगता येतो.

मग निदान करायचं कसं? प्रौढ स्त्रीसाठी तीन गोष्टी बघतात. एक, पाळी अनियमित. दोन, अँड्रोजेन वाढल्याची खूण, अंगावर किंवा रक्तात. तीन, सोनोग्राफीतलं ते चित्र, किंवा आता त्याऐवजी रक्तातलं एएमएच, म्हणजे या बीजकोशांतून येणारं एक संप्रेरक. यांतल्या कुठल्याही दोन असल्या आणि दुसरे आजार नाहीत याची खात्री झाली, की पीसीओएस म्हणायचं. २००३ साली रॉटरडॅमच्या बैठकीत ही रीत ठरली. कोशांच्या संख्येची मर्यादा तेव्हा बारा होती. यंत्रं सुधारली तशी ती वीसपर्यंत गेली. एएमएच मात्र अलीकडे आलं. आता यातली मेख बघा. पहिल्या दोन गोष्टी असल्या तर तिसरीची गरजच उरत नाही. पाळी लांबते आहे आणि लव स्पष्ट आहे, मग निदान झालं. सोनोग्राफीचे पैसे वाचले. आणि किशोरवयीन मुलींसाठी पहिल्या दोन्ही गोष्टी असायलाच हव्यात, तिसरी धरायचीच नाही, एएमएचसुद्धा नाही.

हा फरक किती मोठा आहे ते मुंबईतच दिसून आलं आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १५ ते २४ वयाच्या मुलींचा वस्तीपातळीवर अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. रॉटरडॅमची पट्टी लावली तर २२.५ टक्के मुली पीसीओएसमध्ये मोजल्या गेल्या. अँड्रोजेन वाढलेलं असलंच पाहिजे असं म्हणणारी दुसरी पट्टी लावली तर १०.७ टक्के. मुली त्याच, रक्त तेच, शहर तेच. पट्टी बदलली आणि निम्म्याहून जास्त मुली यादीतून बाहेर गेल्या. ‘दर पाच मुलींमागे एकीला पीसीओडी’ अशी वाक्यं आपण वाचतो तेव्हा कुठल्या पट्टीने, हे विचारायला हवं. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मी माझ्या तरुण सहकाऱ्यांना नेहमी सांगते. पाळी लांबते का, या एका साध्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्या मुलींपैकी ९३.३ टक्के मुलींमध्ये तपासणीअंती पीसीओएसच निघालं, तेही त्या सैल, रॉटरडॅमच्या पट्टीने. म्हणजे यंत्रं आणि रसायनं वापरून जे कळलं, त्याचा मोठा भाग मुलीच्या तोंडूनच आला असता. आणि त्या पीसीओएसवाल्या मुलींपैकी ७१.८ टक्के लठ्ठ नव्हत्या.

तर मग पाळीच्या तारखा. पाळी सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या वर्षात ती कशीही आली तरी घाबरायचं कारण नाही. एक ते तीन वर्षांच्या काळात २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. तीन वर्षांनंतर २१ ते ३५ दिवस, वर्षातून किमान आठ वेळा. पहिल्या वर्षानंतर एखादीही पाळी नव्वद दिवसांपलीकडे गेली, किंवा पंधरावं वर्ष पूर्ण होऊनही पाळीच आली नाही, तर डॉक्टरांकडे जायचं. इथल्या बऱ्याच घरांत स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर बायका पेनाने छोटी खूण करतात. मुलींनी मोबाइलमध्ये केली तरी चालेल. सहा महिन्यांच्या खुणा घेऊन मुलगी आली की माझं अर्धं काम झालेलं असतं.

पण या तारखाही बिघडवल्या जातात, आणि त्यावर मला थोडं सविस्तर बोलायचं आहे. आपल्याकडे गणपती, गौरी, सत्यनारायण, घरातलं लग्न अशा प्रत्येक प्रसंगी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या जातात. औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय. श्रावणापासून दिवाळीपर्यंत एकेका मुलीने तीन-तीनदा घेतलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या गोळ्या बंद केल्यावर जो रक्तस्राव होतो तो त्या गोळ्यांचा. तिच्या शरीराच्या घड्याळाबद्दल तो काहीच सांगत नाही. पाळी येत नाही म्हणून दिलेल्या गोळ्यांनी आली तरी तेच. पण मुलीला विचारलं तर ती म्हणते, ‘येते की दर महिन्याला.’ म्हणून मी दोन प्रश्न विचारते: गोळी न घेता किती महिन्यांनी येते, आणि वर्षभरात कुठल्या सणाला गोळी घेतली होती. देवाच्या कार्यासाठी स्वतःच्या मुलीला औषध देताना आईच्या मनात वाईट हेतू नसतो, हे मला ठाऊक आहे. तरीही मी सांगेन की ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आणि पाळी आलेली मुलगी आरतीला उभी राहिली म्हणून काहीही बिघडत नाही, असं मी मनापासून मानते.

रक्ताच्या तपासण्यांचं थोडक्यात सांगते. पाळी लांबत असेल तर आधी थायरॉइडची टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि सकाळी लवकर घेतलेलं १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन. ही शेवटची तपासणी अधिवृक्क ग्रंथीच्या एका जन्मजात दोषासाठी असते. तो हुबेहूब पीसीओएससारखा दिसू शकतो. मग एकूण टेस्टोस्टेरॉन आणि त्याला बांधून ठेवणारं एसएचबीजी, त्यावरून मुक्त टेस्टोस्टेरॉनचा हिशेब. एलएच आणि एफएसएच या संप्रेरकांचं गुणोत्तर निदानाला लागत नाही. उपाशीपोटीचं इन्सुलिनही नेहमीच्या तपासणीत लागत नाही, जरी प्रत्येक ‘पीसीओडी पॅकेज’मध्ये ते असतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर अँड्रोजेनचे आकडे खोटे कमी येतात. गोळ्या किमान तीन महिने बंद असायला हव्यात, आणि त्या काळात गरज असेल तर दुसरं साधन वापरायला हवं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेता का, हेही सांगा. बायोटिनमुळे थायरॉइड आणि टेस्टोस्टेरॉनच्या काही तपासण्या चुकीच्या येतात. गळणाऱ्या केसांसाठी मुलगी ती गोळी स्वतःच सुरू करते आणि लॅबमध्ये कुणी विचारत नाही.

एका बाबतीत मात्र क्रम-बिम बघत बसायचं नाही. काही महिन्यांतच आवाज घोगरा झाला, टक्कल पडायला लागलं, लव झपाट्याने वाढली, तर अँड्रोजेन तयार करणारी गाठ असू शकते. ते दुर्मीळ आहे, पण तिथे आठवडाही घालवू नये.

आता साखरेच्या धाग्याकडे येते, कारण आपल्या भागातल्या मुलींसाठी तो फार महत्त्वाचा आहे. इन्सुलिन जास्त असलं की अंडाशय जास्त अँड्रोजेन बनवतो आणि यकृत एसएचबीजी कमी बनवतं. एसएचबीजी टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवतं. ते घटलं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि तेलग्रंथीपर्यंत पोचतं. हे लठ्ठपणातच होतं असा समज आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा समज मोडायला मोठी मदत केली. त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर सारखे, आतून इतके वेगळे. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये त्यांच्या गटाने बाळांच्या जन्मापासून हा अभ्यास केला आहे: वजनाला हलकं बाळ, पण चरबी राखून ठेवणारं. म्हणून ‘ही तर काडीसारखी आहे, हिला कसलं पीसीओएस’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. पीसीओएसचं निदान झालं की वजन कितीही असो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर बघायची, आणि पुढेही एक ते तीन वर्षांनी बघत राहायचं. रक्तदाब आणि चरबीची तपासणी त्याच वेळी. मानेवरचा काळपट पट्टा हा इन्सुलिनचा निरोप असू शकतो. तो मळ नसतो. आया त्या मुलींच्या मानेवर बेसन आणि लिंबू घासतात, मुलगी ओरडा खाते आणि त्वचा आणखी काळी पडते. कृपा करून घासू नका.

लावायच्या गोष्टींत मी एकाच गोष्टीवर बोट ठेवते, ती म्हणजे स्टेरॉइडची मलमं. गोरं करणारी, डाग घालवणारी म्हणून ती शेजारणीकडून, पार्लरमधून, दुकानातून मिळतात. देशातल्या बारा केंद्रांवर त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी केली. २०११ साली ती छापली गेली. त्यांतले ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते, आणि कित्येक जण तर मुरुमांसाठीच. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो. मग मुरुमांचं पेव फुटतं, त्वचा पातळ आणि लालभडक होते, बंद केलं की आग होते. अशी मुलगी सोनोग्राफी करून येते आणि तिचं खरं दुखणं पर्समधल्या ट्यूबमध्ये असतं. म्हणून मी घरातल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून आणायला सांगते. खाण्याबद्दल लोक फार विचारतात. गोड, मैदा, गोड पेयं कमी केल्याने काहींचे मुरुम कमी होतात याला पुरावा आहे. जिममधल्या व्हे प्रोटीनने काहींचे वाढतात. तूप आणि शेंगदाणे यांना दोष द्यायचं कारण नाही. ‘उष्णतेमुळे आलेत’ म्हणून मुलीचा आंबा बंद करू नका.

उपचारांबद्दल पहिली गोष्ट: रिपोर्ट येईपर्यंत मुरुमांचे उपचार थांबवायची गरज नसते. ॲडापलीन, बेन्झॉइल पेरॉक्साइड यांसारखी मलमं पीसीओएस असो वा नसो, लागू पडतात. फक्त त्यांना तीन महिने द्यावे लागतात, आणि तिसऱ्या आठवड्यात मुली सोडून देतात. गर्भनिरोधक गोळ्या पाळी नियमित करतात, लव आणि मुरुम दोन्ही कमी करतात. पण डोळ्यांपुढे चकाकी येऊन होणारी अर्धशिशी, रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास, वाढलेला रक्तदाब असला तर त्या चालत नाहीत. ‘लग्नाआधी गर्भनिरोधक गोळ्या?’ म्हणून पुष्कळ घरांत डबी लपवावी लागते. ते औषध आहे. डबीवर काय छापलंय त्यावरून मुलीचं चारित्र्य ठरवू नका. स्पिरोनोलॅक्टोन हे मूळचं रक्तदाबाचं औषध. ४१० बायकांवरच्या ब्रिटनमधल्या चाचणीत, जी २०२३ साली प्रसिद्ध झाली, मुरुमांवर ते उपयोगी ठरलं, आणि बारा आठवड्यांपेक्षा चोविसाव्या आठवड्याला फरक जास्त दिसला. मेटफॉर्मिन साखरेच्या बाजूने काम करतं. आणि तीव्र मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन, अतिशय गुणकारी, पण त्या काळात आणि नंतरचा एक महिना दिवस जाता कामा नयेत, कारण गर्भात गंभीर व्यंगं निर्माण होतात. स्पिरोनोलॅक्टोन चालू असतानाही दिवस जाऊ द्यायचे नसतात. म्हणून ही औषधं देण्याआधी मुलीशी एकटीशी बोलावं लागतं. आईला मी म्हणते, ‘ताई, पाच मिनिटं बाहेर बसता का?’ काहींना राग येतो. पण सुरक्षित औषध द्यायचं तर ती पाच मिनिटं मला हवीतच.

‘लग्न झालं की सगळं नीट होईल’ हा सल्ला डॉक्टरांकडूनही दिला जातो, याचं मला फार दुःख होतं. लग्नाने इन्सुलिन उतरत नाही. आणि ‘तुला मूल होणार नाही’ हे वाक्य तर कुणीही कुठल्याही मुलीला उच्चारू नये. पीसीओएस असलेल्या बहुसंख्य बायकांना मुलं होतात, काहींना औषधाची मदत लागते आणि ती औषधं गोळ्यांच्या रूपात उपलब्ध आहेत. खरी काळजी घ्यायची ती पाळी महिनोन् महिने न येण्याची. गर्भाशयाचं अस्तर साठत राहिलं तर पुढे कॅन्सरचा धोका वाढतो. एकूण धोका कमी असला तरी नव्वद दिवसांहून जास्त काळ पाळीशिवाय जाऊ देऊ नये. मनाचंही तसंच. पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त प्रमाणात आढळतात, म्हणून निदानाच्या वेळी मनाची विचारपूस करा असं त्या आंतरराष्ट्रीय सूचनांमध्येच लिहिलेलं आहे. मी विचारते, ‘फोटो काढून घेतेस का? मैत्रिणीच्या हळदीला गेलीस का?’ या प्रश्नांवर ज्या मुली रडतात, त्यांना मलमाच्या आधी तेवढं रडू द्यावं लागतं. घरात स्थळं बघणं सुरू असेल तर प्रत्येक नव्या मुरुमाची नोंद चार जण घेत असतात. मुलीच्या चेहऱ्याकडे बघून बोलायची सुरुवात मुरुमाने करू नका, ही माझी आयांना, आत्यांना, काकवांना विनंती आहे.

एक गट उरतो, आणि तो मला सगळ्यांत जास्त सतावतो. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, पाळी लांबते, पण लव नाही, रक्तातलं अँड्रोजेन नॉर्मल. हिला पीसीओएस म्हणता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. सूचना सांगतात की तिला ‘जोखीम असलेली’ म्हणून नोंदवा, त्रास होईल त्यावर उपचार करा आणि पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली की पुन्हा बघा. कागदावर हे फार शहाणपणाचं आहे. पण पुन्हा बघणार कोण? तोवर ती शिकायला पुण्या-मुंबईला गेलेली असते, किंवा सासरी नाशिकला, किंवा परदेशात. जुने कागद आईच्या कपाटात, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत राहतात. नवा डॉक्टर पुन्हा सोनोग्राफीने सुरुवात करतो. म्हणून आमच्या दवाखान्यात आम्ही एक पान करतो. पहिल्या पाळीचं वय, आठवतात तेवढ्या तारखा, कुठल्या गोळ्या कधी घेतल्या, टेस्टोस्टेरॉनचा आकडा आणि तेव्हा गोळ्या चालू होत्या की नव्हत्या, साखर, आणि ‘पुन्हा तपासणी अमुक सालानंतर’. ते पान आईला देत नाही. मुलीच्या हातात देतो आणि तिच्याच मोबाइलमध्ये फोटो काढायला लावतो. शाळा-महाविद्यालयांच्या आरोग्य तपासणीत उंची-वजनाच्या रकान्याशेजारी ‘शेवटची पाळी’ हा रकाना यावा, एवढं इथल्या शिक्षकांनी आणि पालिकेच्या डॉक्टरांनी मनावर घ्यावं. त्यासाठी लागणारी महिला डॉक्टर आणि बंद दार यांची व्यवस्था करायला मी आणि माझे सहकारी वेळ द्यायला तयार आहोत.

मघापासून स्वयंसेवक मुली चिठ्ठ्या गोळा करत आहेत. प्रश्न लिहिताना नाव लिहू नका, फक्त वय लिहा आणि पाळी सुरू होऊन किती वर्षं झाली ते. आलेल्या चिठ्ठ्या मी आता वाचायला घेते.